धनुर्भार साठ

७ सप्टेंबर, रविवार

शाळेतली एक कोरी टाचणवही घरी आणली होती. पाठाचं टाचण काढायचं सोडून तिच्यात हे लिहितो आहे, कारण हे कुणापाशी बोलण्यासारखं नाही. मला रमीजचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. आता पुढचं लिहायला सोपं जाईल.

आज नागापूरच्या मैदानावर पन्नास मीटरवरून पूर्ण फेरी मारली. बहात्तर बाण, सातशे वीसपैकी गुण. रमीजचे सहाशे बहात्तर, माझे सहाशे एकोणपन्नास. सात वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात, एकाच बांबूच्या धनुष्यावर सुरुवात केली होती. तो एमआयडीसीत मशीनवर काम करतो, मी सावेडीच्या शाळेत मराठी शिकवतो. बाण दोरीला कसा लावायचा हे त्याला पहिल्यांदा मी दाखवलं. हे तो सोयीस्कर विसरला असावा.

आमच्यातला फरक एका आकड्याचा आहे. आता आम्ही दोघंही चाकांची, कंपाउंड धनुष्यं वापरतो. त्याच्या धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे वाकणाऱ्या पट्टीवर, ६० छापलेलं आहे, माझ्या पात्यावर ४५. दोरी ओढायला किती पाउंड जोर लागतो, त्याचा तो आकडा. आकडा मोठा तितका बाण वेगात जातो आणि वाऱ्याला कमी दाद देतो. नागापूरला वारा बाराही महिने असतो. स्पर्धेत साठाच्या वर चालत नाही, म्हणजे रमीज शेवटच्या पायरीवर उभा आहे आणि मी खालून बघतो आहे.

मैदानावर सगळे विचारतात, "किती पाउंडाचा?" धनुष्य म्हणजे काय कांद्याची गोण आहे? मी त्यासाठी शब्द केला आहे, धनुर्भार. चार वर्षं एकटाच वापरतो आहे. रमीज म्हणतो, "मास्तर, सरळ ओढ म्हना की. ओढ किती, साठ. संपला इषय." मी त्याला समजावून थकलो. ओढ माणसाला माणसाची लागते. धनुष्याला भार असतो.

९ नोव्हेंबरला जिल्हा संघाची निवड आहे. चार जागा. पहिल्या तीन विशीतल्या तिघा पोरांच्या, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. चौथी माझी किंवा रमीजची. गेली तीन वर्षं ती रमीजची आहे. माझं वय चव्वेचाळीस. ही चौथी जागा मला एकदा, फक्त एकदा हवी आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

नीलांबरीजवळ नव्या धनुष्याचा विषय काढला. माझी बायको पोस्टात आहे. तिथे दिवसभर लोक तिला काहीबाही पटवत असतात, त्यामुळे तिला घोळवून सांगितलेलं चालत नाही.

"सत्तर हजार," ती म्हणाली. "वर काही मागायचं नाही. आणि खांद्याचं काय?"

खांद्याला काहीही झालेलं नाही. गेल्या हिवाळ्यात महिनाभर शर्ट घालताना कळ यायची, इतकंच.

१४ सप्टेंबर, रविवार

तीन धनुष्यांवर आलो आहे. पहिलं नवंकोरं आणि स्वस्त, पण ते नवशिक्यांचं. आखूड असल्यामुळे हातात थरथरतं. दुसरं पण नवं, चांगल्या बांधणीचं, धनुर्भार चाळीस ते पन्नास. तिसरं पुण्यात सुनीलच्या दुकानात आहे. तीन वर्षं वापरलेलं, पण एके काळचं अव्वल, धनुर्भार पन्नास ते साठ. पात्याच्या बुडाशी बोल्ट असतात. ते आवळले की भार वाढतो, सैल केले की दहाएक पाउंडांनी उतरतो. पात्यावर छापलेला आकडा मात्र वरचाच राहतो. दुसरं आणि तिसरं, दोन्ही सत्तरच्या आत बसतात.

रमीजला विचारलं. विचारायला नको होतं.

"पन्नासवाला घ्या, मास्तर," तो म्हणाला. "तुमचा हात लई स्थिर हाय. तुमाला जोराची गरज न्हाई."

वा. साठ याला, आणि स्थिर हात मला. स्वतः वरच्या मजल्यावर राहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं की तळमजला हवेशीर आहे. चौथी जागा हातची जाऊ नये म्हणून माणूस किती गोड बोलतो ते आज पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी हा तीन महिने मैदानावर आला नव्हता. कर्जतला मामाच्या शेतावर होतो म्हणाला. परत आला आणि गुण एकदम वाढले. तिकडे पोती उचलून दंड कमावून आला, दुसरं काय. आणि मला सांगतो जोराची गरज नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

एसटीनं पुण्याला जाऊन आलो. रमीज बरोबर आला होता. मी बोलावलं नव्हतं, तो स्टँडवर डबा घेऊन उभाच होता. अर्शीनं, त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या दिल्या होत्या. खाल्ल्या.

सुनीलच्या दुकानातलं ते धनुष्य काळं आहे, पात्यांवर तांबडी रेघ, आणि दोन्ही पात्यांवर ठसठशीत ६०. मी सुनीलला म्हटलं, धनुर्भार पूर्ण साठ करून द्या, मग ओढतो. त्याला शब्द कळला नाही. रमीजनं सांगितलं, "फुल आवळ म्हनत्यात."

पहिल्यांदा दोरी अर्ध्यापर्यंत आली. दुसऱ्यांदा मी धनुष्य छताकडे करून, गुडघ्यांत वाकून, सगळ्या अंगानं ओढलं. खांद्यात कट् असा आवाज झाला. दुकानातलं एक गिऱ्हाईक बघत होतं. सुनील म्हणाला, "सर, आधी पन्नासवर आणू का?" मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा दोरी गालापर्यंत आली आणि मी ती दोन सेकंद धरली. घाम चष्म्यात उतरला.

रमीज तेवढा वेळ भिंतीवरची चित्रं बघत होता. मग जवळ येऊन हळू म्हणाला, "मास्तर, दुसरा घ्या. मी सांगतोय म्हनून तरी."

तो सांगतोय म्हणूनच मी सुनीलला म्हटलं, "हेच बांधा."

२१ सप्टेंबर, रविवार

मैदानावर गेलो नाही. उजव्या हातानं भांग पाडता येत नाही. नीलांबरीला सांगितलं, एसटीत मान अवघडली. तिनं बाम पुढे केला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी नव्या धनुष्यानं तीन बाण मारले. चौथा ओढता आला नाही, म्हणून चष्मा पुसत बसलो. रमीज आला आणि म्हणाला, "आठ दिवस बो माझ्याकडं द्या. दोरी जुनी हाय, बसवून घ्यायला लागंल. वर्कशॉपला करतो."

त्याला माझं धनुष्य मारून बघायचं आहे, हे उघड आहे. दुसऱ्याची वस्तू कशी लागते ते बघण्याचा मोह मलाही कळतो. तरी दिलं, कारण आठ दिवस खांद्याला आराम. घरी नीलांबरीला सांगितलं तर म्हणाली, "बरं केलंत. असू दे त्यांच्याकडे." एरवी शेजाऱ्यांना शिडी देताना ती दहा प्रश्न विचारते.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

रमीजनं आज धनुष्य आणलं. आठ दिवस म्हणजे आठवडा. म्हणजे मंगळवारी, कालच आणायला हवं होतं. तसं त्याला बोलून दाखवलं.

"खंडेनवमीसाठी थांबलो, मास्तर," तो म्हणाला. "आमच्याकडं आज सगळ्या मशिनींची पूजा असती. शेठ म्हनले, याला बी ठेव रांगेत. नारळ फुटलाय याच्या नावानं."

धनुष्याला झेंडूची माळ होती. पात्यावरच्या साठवर कुंकवाचं बोट. मी घरी पुन्हा पूजा केली. शस्त्राची पूजा घरच्या देवापुढे व्हायला हवी, लेथ मशीनशेजारी नाही.

मग अंगणात दोरी ओढली. काय सांगू. धनुष्य आकाशाकडे करावं लागलं नाही, गुडघे वाकले नाहीत. सरळ, सावकाश, गालापर्यंत. जड आहे, जुन्यापेक्षा जड आहेच, पण माझ्या हुकमात आहे. आठ दिवसांच्या विश्रांतीनं खांदा तयार झाला. साठ. चव्वेचाळिसाव्या वर्षी. नीलांबरीला हाक मारून दाखवलं. ती ओट्यापासून म्हणाली, "छान," आणि हसली. तिला यातलं काय कळणार.

५ ऑक्टोबर, रविवार

मैदानावर सगळ्यांसमोर ओढलं. तिघा पोरांपैकी एकानं विचारलं, "सर, साठ झेपतंय?" म्हटलं, "काहीच वाटत नाही रे. मनाची तयारी असली की झालं." रमीज बाण पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. झोंबलं असणार.

बाणांचाही घोळ आहे. जास्त भाराला कडक बाण लागतात, कमी भाराला थोडे लवचीक. रमीज स्वतःच्या जुन्या संचातले बारा बाण घेऊन आला. तेही लवचीक. "हे मारून बघा, मास्तर. तुमच्या बोवर हेच बसतील." साठाच्या धनुष्याला मऊ बाण? मी सरळ तोंडावर म्हटलं, "मला बिघडवायचा विचार आहे का?" तो म्हणाला, "मारून तर बघा."

मारले. निशाणाच्या मधल्या पिवळ्याच्या बाहेर एकही गेला नाही. योगायोग असावा. तरी बाण ठेवून घेतले.

१२ ऑक्टोबर, रविवार

सहाशे त्रेसष्ट. आयुष्यातले सर्वाधिक. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, पण रमीजचे सहाशे सत्तर.

विजयमाला मॅडम आल्या होत्या. निवड चाचणी त्यांच्याच हाताखाली होते. अर्धा तास रमीजच्या मागे उभ्या राहिल्या आणि पोरांना म्हणाल्या, "बघा, ओढताना खांदा कसा खाली ठेवतो. असं शिका." माझ्या मागे दोन मिनिटं. मला म्हणाल्या, "पुराणिक सर, या वर्षी तुमची दोरी फार सहज येते." आणि गेल्या. साठ ओढतो आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मी पुढच्या वेळी सांगेन.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. फराळाला रमीज आणि अर्शी आले होते. मी आतून चकल्या आणायला गेलो. परत येतो तर नीलांबरी आणि रमीज हळू आवाजात बोलत होते. मला पाहून थांबले. ती म्हणाली, "काही नाही, पोस्टाच्या खात्याचं विचारत होते." अर्शी ताटलीतल्या शेवेकडे बघत होती.

माझ्या घरात, माझ्या बायकोशी, असं काय बोलायचं असतं? वाईट काही माझ्या मनात आलं नाही. पण लोकांना हा माणूस इतका का आवडतो? मॅडमना आवडतो, शेठना आवडतो, माझ्या घरात माझ्याआधी चहा त्याच्या हातात जातो. त्याला 'रमीजभाऊ, अजून एक करंजी' आणि मला 'तुमचं पित्त वाढेल'.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून चैन नाही.

दोघांनी एकदम बाण सोडले की त्याचा आधी वाजतो. दर वेळी. क्षणाचा फरक, पण कानाला स्पष्ट कळतो. त्याच्या धनुष्यावरची, नेम धरायच्या दर्शकाची खूणही माझ्यापेक्षा वर बसते, म्हणजे बाण सरळ जातो, वेगात जातो. मग हिशेब अगदी सोपा आहे. माझा धनुर्भार साठ. त्याचा बाण माझ्यापेक्षा वेगवान. म्हणजे त्याचा धनुर्भार साठाच्या वर. त्रेसष्ट असेल, पासष्टही असेल. मशीनवर काम करणारा माणूस, बोल्ट आवळायला किती वेळ लागतो?

तीन वर्षं माझी जागा अशी गेली असेल तर?

२९ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस विचार केला. त्याला विचारावं असं एकदा वाटलं. पण विचारून काय, तो हसणार आणि म्हणणार, "मास्तर, तुमी बी ना." मग मी काय करणार? मलाही हसावं लागणार.

म्हणून संघटनेला अर्ज द्यायचं ठरवलं. कुणाचंही नाव न घेता. मी लबाडी करत नाही, फक्त नियम पाळला जावा एवढीच मागणी करतो आहे. माझं अक्षर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, प्रमाणपत्रांवरची नावं मीच लिहितो. तेव्हा हातानं लिहिणं शक्यच नव्हतं. मोबाईलवर मजकूर टाइप केला आणि सावेडीऐवजी पार जुन्या गावातल्या दिल्ली गेटला जाऊन छापून घेतला. खाली 'एक क्रीडाप्रेमी'. इतकी काळजी घेतल्यावर कुणाच्या बापाला कळणार नाही.

मजकूर असा: 'मा. निवड समिती यांस, सविनय अर्ज करण्यात येतो की, आगामी निवड चाचणीपूर्वी सर्व स्पर्धकांच्या धनुष्यांचा धनुर्भार प्रत्यक्ष काट्यावर मोजण्यात यावा व साठ पाउंडांहून अधिक धनुर्भार आढळल्यास संबंधितास अपात्र ठरविण्यात यावे.'

एकही चूक नाही. दोनदा तपासला. पोस्टात टाकला, पण नीलांबरीच्या पोस्टात नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

रमीजनं आज माझ्या धनुष्याची दोरी तपासून मेण लावून दिलं. मी म्हटलं राहू दे. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी चाचनी हाय, मास्तर. तुमी या वर्षी मला घाम फोडनार." बोलताना त्याचा चेहरा बघवेना. मी पाणी प्यायला गेलो.

अर्ज परत घेता येतो का? नाव नसलेला अर्ज कोण कसा परत घेणार?

९ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी आठ वाजता विजयमाला मॅडमनी सगळ्यांना मांडवात बोलावलं. टेबलावर धनुष्याचा भार मोजायचा काटा होता. त्या म्हणाल्या, "समितीकडे एक अर्ज आलाय. वाचते, म्हणजे मागून कुणाची तक्रार नको." आणि मोठ्यानं वाचू लागल्या. 'सर्व स्पर्धकांच्या धनुष्यांचा' इथपर्यंत नीट आल्या. पुढच्या शब्दाला अडखळल्या. "धनु... धनुर्भार. धनुर्भार म्हणजे..."

त्या थांबल्या. कागदावरून त्यांची नजर उठली आणि थेट माझ्यावर आली. तिघा पोरांपैकी एकजण फिस्कन हसला. दुसरा म्हणाला, "अरे, हे तर सरांचं..." आणि गप्प झाला. मांडवात वीसेक माणसं होती. एकेकाची मान माझ्याकडे वळली.

फक्त रमीजची वळली नाही. तो खाली बघत भात्यातले बाण मोजत होता. बारा बाण मोजायला किती वेळ लागतो? तो मोजतच राहिला.

मोजणी झाली. पोरांची धनुष्यं अठ्ठावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ. रमीजचं लावलं. काट्यावर आकडा स्थिर झाला, चोपन्न. मी दोनदा वाचला. पात्यावर साठ, काट्यावर चोपन्न.

मग माझं. मॅडमनी दोरी ओढली, पुन्हा ओढली. "एकोणपन्नास."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. महिनाभर मी या लोकांपुढे साठ मिरवले होते. 'काहीच वाटत नाही रे.'

तेवढ्यात रमीज बोलला. मांडवात आल्यापासून पहिल्यांदाच. "मॅडम, काटा हलतोय तुमचा. मास्तरांचा साठच हाय. मी सोता बसवलाय."

"काटा गेल्या महिन्यात घेतलाय, रमीज," मॅडम म्हणाल्या. "आणि कमी असलं तर बिघडलं कुठं? साठाच्या आत आहेत सगळे. चला."

त्यानं नुकताच तो अर्ज ऐकला होता. तो कुणी लिहिला आणि कुणासाठी लिहिला, हे त्याला मांडवातल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरी तो माझ्यासाठी खोटं बोलला.

नेमकं आम्हा दोघांना एकच निशाण आलं. खांद्याला खांदा लावून बहात्तर बाण मारायचे. एरवी तो बडबडत असतो, वारा सांगतो, माझा बाण कुठे लागला ते माझ्याआधी सांगतो. आज एक शब्द नाही. मीही मारत राहिलो. दाखवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे हात हलला नाही. दोरी यायची, खूण पिवळ्यावर टेकायची, बाण जायचा. सहा-सहा बाणांच्या दहाव्या पाळीला वारा फिरला. मी ओढून उभा होतो. शेजारून हळूच आलं, "डावीकडं." खूण बोटभर डावीकडे नेली, सोडला. दहा.

मी सहाशे एकोणसत्तर. रमीज सहाशे सदुसष्ट.

चौथी जागा माझी. फळ्यावर माझं नाव लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं, मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. रमीज सामान भरून निघून गेला. माझ्याशी हात मिळवला नाही, आणि मी पुढेही केला नाही.

घरी आलो. नीलांबरीनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "एकोणपन्नास निघाला का?"

मी पायरीवर बसलो.

"मीच सांगितलं होतं रमीजभाऊंना," ती म्हणाली. "तुम्ही पुण्याहून आलात त्या रात्री कुशीवर वळता येत नव्हतं तुम्हाला. तुम्हाला सांगून ऐकलं असतंत? ते म्हणाले, वहिनी, बोल्ट सैल करून देतो, छापलेला आकडा काही बदलत नाही."

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून फोन करून विजयमाला मॅडमना सांगितलं, अर्ज माझा आहे आणि माझी जागा रमीजला द्या. त्या म्हणाल्या, "अर्ज तुमचा हे मला सांगायची गरज नाही, सर. या जिल्ह्यात तो शब्द दुसरा कोण लिहिणार? आणि जागा गुणांवर मिळते. ती तुम्ही अशी वाटू शकत नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून समिती नसते."

११ नोव्हेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीनंतर रजा टाकून नागापूरला गेलो. रमीजच्या वर्कशॉपच्या फाटकापाशी चहाची टपरी आहे. तो बाहेर आला, बाकावर बसला, मधे एका माणसाची जागा ठेवून.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मला इचारायचं हुतं," तो म्हणाला. "सात वर्सं झाली, मास्तर. एक डाव इचारायचं. सांगितलं असतं मी, चोपन्न हाय."

"पण पात्यावर साठ..."

"साठ दोन वर्सांमागंच सोडली. खांद्याचा स्नायू फाटला हुता. कर्जतला मामाकडं गेल्तो म्हनून सांगितलं सगळ्यांना. तीन महिनं घरात पडून हुतो, अर्शी घास भरवायची. कुणाला सांगू, ओढ झेपत न्हाई म्हनून? मला बी लाज हाय की." त्यानं चहा खाली ठेवला. "म्हनून तुमाला पुन्यात बघवंना. भिंतीकडं बघत हुतो."

मी जे साठ पाउंड दोन महिने डोळ्यांसमोर धरून जळत होतो, ते कुणाकडे नव्हतेच.

"मग तू मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. "बोल्ट सैल केलेत म्हणून."

"सांगितलं असतं तर तुमी आवळून घेतलं असतं. खरं बोला."

खरं होतं. मी दुसरंच विचारलं.

"मांडवात का बोललास, काटा हलतोय म्हणून?"

"वहिनींना शब्द दिल्ता, तुमाला कळू देनार न्हाई. तुमच्यासाठी न्हाई बोललो." त्यानं चहा पुन्हा उचलला. "तुमचं नाव चौथं लागलं ना, मास्तर, माझ्या पोटात आग पडली. अजून हाय. मीच बसवलेला बो, माझेच बाण, वारा बी मीच सांगितला. जळायला मला बी येतं. मी फकस्त अर्ज न्हाई लिहिला."

मी उठलो. तोही उठला.

"आठ दिवस मैदानावर येऊ नका," तो म्हणाला. "माझं संपू द्या. मग बघू."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठ दिवस म्हणजे नक्की किती? बोलण्यातले आठ दिवस म्हणजे आठवडा, तो मंगळवारी संपतो. मोजून आठ घेतले तर बुधवार. लवकर गेलो तर त्याला वाटेल मला घाई आहे. उशिरा गेलो तर वाटेल मला गरज नाही. वीस वर्षं मुलांना हा वाक्प्रयोग शिकवला, पण तो मोजायची वेळ आज आली.

धनुष्य कपाटावर आहे. हात लावलेला नाही. पात्यावरचं कुंकू अजून गेलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटताना मोबाईल वाजला. रमीजचा निरोप: 'मास्तर आज मंगळवार. आठ दिवस झाले. येताय ना.' प्रश्नचिन्ह नव्हतं.

मैदानावर तो एकटाच होता. मी धनुष्य त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं खिशातून बोल्टची किल्ली काढली.

"संपलं का?" मी विचारलं.

"थोडं हाय. तुमी राज्याला जाऊन हरून आला की संपंल." मग धनुष्य मांडीवर घेऊन म्हणाला, "राज्यस्पर्धेला महिना हाय. आता तुमचं तुमी सांगा, किती ठेवू? आवळायचा आसंल तर आवळतो. वहिनींचा शब्द संपला आता."

किल्ली त्याच्या हातात होती. खोटं कशाला लिहू, एक क्षण साठ हा आकडा जिभेवर आला. वर्षानुवर्षांची हाव एका मंगळवारी जात नाही.

"एकोणपन्नास," मी म्हटलं.

"असं तोंडी न्हाई चालनार." तो अजिबात हसला नाही. "तुमचं काम अर्जानं चालतं. लिहून द्या."

मी शाळेच्या पिशवीतून हीच टाचणवही काढली. मधलं कोरं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून माझ्या अक्षरात, सगळा जिल्हा ओळखतो त्या अक्षरात लिहिलं: 'श्री. रमीज यांस, सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराच्या धनुष्याची ओढ एकोणपन्नास आहे, ती तेवढीच ठेवण्यात यावी.'

त्यानं कागद घेतला, बोट ठेवून वाचला. 'ओढ' या शब्दावर बोट थांबलं. मग कागद माझ्याकडे परत केला.

"खाली नाव न्हाई."

मी पेन पुन्हा उघडलं आणि सही केली. सुमंत अवधूत पुराणिक, पूर्ण नावानिशी.